लोकांना त्यातलं काय कळतं?

आरोग्य-संशोधनाच्या वर्तुळात एक वाक्य फार सहज उच्चारलं जातं : लोकांना विचारून विज्ञान होत नसतं. बोलणारी माणसं बहुतेक वेळा सज्जन असतात. त्यांची उमेदीची वर्षं सरकारी रुग्णालयांत गेलेली असतात, पैशाचा लोभ नसतो, आणि रुग्णाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत असतं. म्हणूनच या वाक्याचा प्रतिवाद मुद्द्याला धरून व्हायला हवा. पैसे खाऊन खोटे निष्कर्ष काढणाऱ्यांवर टीका करणं सोपं आहे. माझा वाद चांगल्या माणसांशी आहे.

माझं म्हणणं असं. एखादं दुखणं ज्यांनी अंगावर काढलं आहे, त्यांना त्या दुखण्याच्या अभ्यासात पहिल्या दिवसापासून बरोबरीने बसवलं नाही, तर तो अभ्यास त्यांच्यावर अन्याय करतोच, आणि बहुतेक वेळा चुकतोही. न्यायाचा मुद्दा मी सोडणार नाही. पण लोकसहभाग ही चांगुलपणाची बाब आणि विज्ञान ही वेगळी बाब, अशी जी वाटणी केली जाते ती मला मुळातच मान्य नाही. अभ्यासाचा प्रश्न कोणता, त्यात मोजायचं काय, आणि मोजून हाती आलेल्याचं पुढे करायचं काय, हे ठरवणं म्हणजेच विज्ञान. ते ठरवताना लागणारं बरंचसं ज्ञान तज्ज्ञाकडे नसतं, आजाऱ्याकडे असतं.

बीडचं उदाहरण घ्या. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. वैद्यकाच्या चौकटीतून पाहिलं की इथे एकच प्रश्न दिसतो : यांतल्या किती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या आणि किती नव्हत्या? प्रश्न योग्यच आहे. खासगी दवाखान्यांवर वचक बसायलाच हवा होता.

पण फडात राबणारी बाई आपली हकिगत शस्त्रक्रियेपासून सुरू करत नाही. ती उचलीपासून सुरू करते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड दिवसाच्या मजुरीपेक्षाही जड जातो. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळीचा कपडा धुवायला आडोसा नाही, वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि सगळा हंगाम ते तसंच सोसलं जातं. गावी परतल्यावर एखादा डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. दोन-तीन मुलं झालेली असतात, पुढच्या हंगामाची उचलही डोळ्यांसमोर असते. पिशवी काढणं हा तिला त्या सगळ्यातून सुटायचा मार्ग वाटतो.

आता सांगा, यात आजाराचं कारण कोणाला जास्त नेमकं कळलं होतं? 'अनावश्यक शस्त्रक्रिया' एवढंच मोजायचं ठरवलं, तर उपाय म्हणून शस्त्रक्रियेआधी परवानगीची अट येते. शस्त्रक्रिया कमी होतात, आकडा सुधारतो, आणि ओटीपोटाचं दुखणं घेऊन तीच बाई पुन्हा त्याच फडात उभी राहते. खाडा, पाणी आणि आडोसा हे आजाराच्या कारणांत धरायचे, तर प्रश्नावलीत त्यांचे रकाने लागतात. वैद्यकीय महाविद्यालयात बसून लिहिलेल्या प्रश्नावलीत खाड्याचा रकाना आपोआप येत नाही. तो यायला प्रश्नावली लिहिणाऱ्यांत ऊस तोडलेली बाई हवी.

यावर उत्तर येतं, की ही तर सामाजिक बाब झाली. निव्वळ वैद्यकात, औषधाच्या चाचणीत, रुग्ण काय सांगणार? तर संधिवाताकडे पाहू. आमवाताच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये काय मोजायचं यावर जगभरच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात एकमत घडवलं होतं. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तातले दाहाचे निर्देशक, हालचालीची क्षमता वगैरे. यादी पक्की होती, शास्त्रशुद्ध होती. ही यादी सांभाळणाऱ्या 'ओमेरॅक्ट' या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ साली आपल्या परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना सहभागी म्हणून बोलावलं. रुग्णांनी सांगितलं की आम्हाला सगळ्यांत जास्त छळतो तो थकवा, आणि तो तुमच्या यादीत कुठेच नाही. झोपून न जाणारा, सकाळी उठतानाच अंगावर बसलेला थकवा. तज्ज्ञांनी तो दुय्यम तक्रार म्हणून बाजूला ठेवला होता. पुढे त्यावर अभ्यास झाले, तो मोजता येतो हे सिद्ध झालं, आणि २००७ पासून आमवाताच्या चाचण्यांत शक्य तिथे थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. त्याआधीच्या कितीतरी चाचण्यांनी औषध 'लागू पडतं' असं म्हटलं, तेव्हा रुग्णाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट मोजलेलीच नव्हती. विज्ञानाची ही चूक विज्ञानाच्या पद्धतीने दुरुस्त झाली, पण ती दाखवून दिली रुग्णांनी.

आणि महाराष्ट्राने तर हे त्याच्याही आधी पाहिलेलं आहे. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास आला. ६५० बायका तपासल्या होत्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळात गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढंच संशोधकांच्या आणि निधी देणाऱ्यांच्या डोक्यात होतं. गर्भवती नसलेल्या बाईलाही शरीर असतं हे जणू कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. गावातल्या बायकांना मात्र ते रोज माहीत होतं. आपसांत त्या ते बोलत होत्या, दाईला सांगत होत्या. प्रश्न हजर होता, फक्त तो विचारला जात नव्हता.

त्याच गडचिरोलीतल्या एका छोट्या साधनाची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. आता गावातल्या निरक्षर दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, तिच्याजवळ घड्याळही नाही. शहरातल्या बैठकीत यावर एका वाक्यात निकाल लागला असता : या बायकांकडून निदान होणार नाही. बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत दाईला काय येत नाही हे मोजत बसण्याऐवजी तिला काय येतं ते पाहिलं गेलं. तिला दहापर्यंत येतं. मग एक पट्टी तयार झाली, तिच्यावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दाया बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत मणी सरकवायला लागल्या. मोजणीची ही पद्धत डॉक्टरच्या बुद्धीतून आली असेल, पण दाईच्या बोटांशिवाय ती सुचलीही नसती आणि चाललीही नसती.

नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग याच वाटेने झाला. ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांनी बाळ तोललं, उबेत ठेवायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखला, गरज पडली तेव्हा जेंटामायसिनचं इंजेक्शनही दिलं. गावातल्या बाईच्या हातात सुई ही कल्पना वैद्यकातल्या अनेकांना सहन होण्यासारखी नव्हती. तीन वर्षांत त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. तुलनेच्या ४७ गावांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

यावर कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय? तिथल्या आयांना कोणी विचारलं? हा प्रश्न मला टाळायचा नाही. लोकांशी इतकं जवळचं नातं असलेल्या संस्थेच्या कामालाही तो लागू होतो. तुलनेसाठी ठेवलेल्या माणसांशी काय करार असावा, याचं उत्तर फक्त संख्याशास्त्रज्ञाने द्यायचं नसतं. आणि हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

उस्मानाबाद, आताचं धाराशिव. १९९९ च्या अखेरीपासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था असे मिळून तो करत होते. बार्शीच्या रुग्णालयाचं ग्रामीण भागातलं काम मोठं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी बायका, गावांचे ५२ गट, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत विभागणी. एका भागात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागातल्या ३१ हजारांहून अधिक बायकांची प्रयोगातर्फे तपासणी नाही. त्यांना आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होऊ शकते एवढं सांगायचं. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. एकाच वेळच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात हे जगाला कळलं, आणि ते ज्ञान खरंच मोलाचं होतं.

२०१४ च्या सुमारास या आणि अशाच दुसऱ्या प्रयोगांवर वाद पेटला. ज्या आजारावर तपासणी उपलब्ध आहे, तिथे हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणं योग्य होतं का? प्रयोग करणाऱ्यांचं उत्तर असं, की भारतात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच. चौथ्या गटाकडून आम्ही काहीही काढून घेतलं नाही. शिवाय तुलना केली नसती तर कोणती चाचणी खेड्यात जीव वाचवते आणि कोणती नाही, हे कधीच ठरलं नसतं. हा युक्तिवाद पोकळ नाही. त्याच प्रयोगात व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही, हेही तुलनेमुळेच कळलं.

पण हा युक्तिवाद कोणासमोर मांडला गेला? तज्ज्ञांनी तज्ज्ञांसमोर, नियतकालिकांच्या पानांवर, बहुतेक वर्षांनंतर. तो आधी, गावात, बायकांसमोर मांडायचा होता. कल्पना करा की चौथ्या गटातल्या एखाद्या गावात चावडीवर किंवा बचतगटाच्या बैठकीत हे सांगितलं जातंय, की शेजारच्या गावात चाचणी होणार, तुमच्या गावात होणार नाही, आणि आम्ही दोन्हीकडचे मृत्यू मोजणार. पहिला प्रश्न काय येईल ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही : आमचा नंबर कधी? त्या एका प्रश्नाने प्रयोगाचा आराखडा बदलला असता. गावं टप्प्याटप्प्याने घेता आली असती, अमुक वर्षांनी चौथ्या गटालाही चाचणी मिळेल अशी लेखी हमी देता आली असती, एखादी चाचणी सरस ठरतेय असं दिसू लागल्यावर मध्येच थांबून विचार करण्याची अट घालता आली असती. असे आराखडे संख्याशास्त्राला परके नाहीत. त्यांना वेळ थोडा जास्त लागतो, हिशेब थोडा अवघड होतो. एवढी किंमत देण्यासारखी होती की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क कोणाचा होता?

आणि नंतर काय झालं तेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. आपल्याच मातीत सिद्ध झालेलं ज्ञान, दहा वर्षं उलटल्यानंतरची ही स्थिती. याला सरकारची अनास्था कारण आहे, पैशाची टंचाई आहे, सगळं खरं. माझ्या मते आणखी एक कारण आहे. त्या ज्ञानाला इथे कोणी वाली नव्हता. ज्या बायकांच्या शरीरांतून ते निघालं, त्यांच्यापैकी कोणी 'हे आमचं आहे, आम्हाला द्या' म्हणत तहसीलवर गेली नाही, कारण ते त्यांचं आहे असं त्यांना वाटावं अशी रचनाच नव्हती.

याच कर्करोगाच्या लसीची कथा तर जास्तच दुखरी आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे हजारो शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममधल्या अनेक मुली आदिवासी आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या आणि संमतीपत्रांवर कितीतरी ठिकाणी आईबापांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही, पण तोवर कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस स्वतः चांगली होती, उपयोगी होती. पण त्या अविश्वासाची सावली राष्ट्रीय लसीकरणातल्या तिच्या वाटेवर कितीतरी वर्षं राहिली. लोकांना बरोबर घेत बसलं तर वेळ जातो असं म्हणणाऱ्यांनी ही वर्षंही हिशेबात धरावीत. आईबापांना बोलवायला, त्यांच्या भाषेत बोलायला, नकार ऐकून घ्यायला काही महिने लागले असते.

वेळेखेरीज दुसरा आक्षेप घेतला जातो तो पूर्वग्रहाचा. लोक भावनेने बोलतात, त्यांच्यामुळे निष्कर्ष झुकतील. इथे एक गोष्ट लक्षात आणून द्यायला हवी. औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट का पाडतात, कोणाला खरं औषध मिळतंय हे डॉक्टरपासूनही का लपवतात? डॉक्टरच्या आशेने निकाल झुकू नये म्हणून. म्हणजे तज्ज्ञही झुकतात हे गृहीत धरूनच आधुनिक वैद्यकाने आपली शिस्त घडवली आहे. तज्ज्ञाला बढती हवी असते, पुढचा निधी हवा असतो, आपली कल्पना खरी ठरावी असं वाटत असतं. ती माणसाची रीत आहे, आणि म्हणूनच नियम आहेत. तेच नियम लोकांनाही लागू करा. औषध गुणकारी आहे की नाही हे हात वर करून ठरवा, असं कोणीही म्हणत नाही. काय मोजायचं ते आधी मिळून ठरवा आणि मग निकाल जो येईल तो सगळ्यांनी मान्य करा, एवढंच मागणं आहे.

लोकांना किचकट गोष्टी पेलत नाहीत, हा समज तर एड्सच्या रुग्णांनी केव्हाच मोडून काढला. ऑक्टोबर १९८८ मध्ये 'ॲक्ट अप' या त्यांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या कार्यालयाला वेढा घातला. पण ते घोषणांवर थांबले नाहीत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी, ज्यांचं विज्ञानाचं शिक्षण झालेलं नव्हतं, विषाणूशास्त्र वाचलं, चाचण्यांचे आराखडे वाचले आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. सुरुवातीला त्यांना टाळणारे शास्त्रज्ञ पुढे त्यांना आपल्या समित्यांवर घेऊ लागले. मरण दारात उभं असलं की माणूस अवघड इंग्रजीही शिकतो. आपल्याकडे मधुमेही मुलाची आई इन्सुलिनचे डोस किती काटेकोर सांभाळते, डायलिसिसवरचा माणूस क्रिएटिनिनचे आकडे कसे पाठ म्हणून दाखवतो, हे प्रत्येक डॉक्टरने पाहिलेलं आहे. तीच माणसं संशोधनाच्या दारात आली की अचानक अडाणी कशी होतात?

आणि पुन्हा उस्मानाबादच. २००७ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, नंदुरबार, पुणे आणि ठाणे यांच्या जोडीने उस्मानाबाद होता. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची माहिती गोळा केली. औषधं बाहेरून आणायला लावतात का, बाळंतपणाला पैसे मागतात का, नर्स गावात येते का. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत प्रगतिपत्रकं भरली आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ती मांडली. ज्या जिल्ह्यातल्या हजारो बायका कोणत्या गटात हे चिठ्ठीने ठरलं, त्याच जिल्ह्यातल्या बायकांनी सरकारी सेवेचं मोजमाप केलं. क्षमता होतीच. ती वापरायची की नाही, एवढाच निर्णय होता.

प्रतिनिधित्वाचा आक्षेप मला यांपैकी सर्वांत वजनदार वाटतो. लोक म्हणजे कोण? गावाच्या बैठकीला सरपंचाचा माणूस येणार, वरच्या आळीचे बोलणार, दलित वस्तीतली बाई मागे उभी राहणार. शहरात रुग्णांच्या काही संघटना औषध कंपन्यांच्या पैशावर चालतात. हे सगळं खरं आहे. पण हे वाचून 'म्हणून कोणालाच बोलवू नका' असा निष्कर्ष काढणं म्हणजे सध्याचा अन्याय कायम ठेवणं. कारण कोणालाच बोलवलं नाही तर बैठकीत एकाच थराचे लोक उरतात आणि तो थर कोणता हे आपल्याला माहीत आहे. उपाय कष्टाचे आहेत, पण ज्ञात आहेत. वस्तीवर वेगळी बैठक घ्यायची, बायकांची वेगळी, रात्री कामावरून आल्यावर. संघटनेला पैसा कुठून येतो ते आधी विचारायचं. एकाच चेहऱ्याला वर्षानुवर्षं 'लोक' म्हणून मिरवायचं नाही. आणि जो येईल त्याचा रोज बुडतो, तो भरून द्यायचा. प्राध्यापकाला बैठकीचा भत्ता आणि मजुराला चहा, हे चालणार नाही.

राहिला शेवटचा गट. आम्ही हे करतोच, असं म्हणणाऱ्यांचा. संमतीपत्र मराठीत असतं, एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक असतो, अजून काय हवं? २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार कमिटीवर असा एक सदस्य असावाच लागतो. मी अशी सदस्य म्हणून बसले आहे, म्हणून त्या खुर्चीवरून काय दिसतं ते सांगते. टेबलावर प्रत्येकासमोर फायलींचा गठ्ठा असतो. आराखडा इंग्रजीत, अंदाजपत्रक इंग्रजीत, शेवटी मराठी संमतीपत्राची चार-पाच पानं. चर्चेचा क्रम ठरलेला. औषधशास्त्रज्ञ मात्रेबद्दल बोलतात, वकील नुकसानभरपाईच्या कलमाबद्दल, मग अध्यक्ष माझ्याकडे वळून विचारतात, मराठी कळतंय ना सोपं? मी सांगते, हे वाक्य लांब आहे, हा परिच्छेद तोडा. ते लिहून घेतात. हे काम मी मनापासून करते आणि ते करायलाच हवं. पण तोवर प्रश्न ठरलेला असतो, काय मोजायचं ते ठरलेलं असतं, पैसाही मंजूर झालेला असतो. बाईने किती वेळा दवाखान्यात यायचं, त्यासाठी किती खाडे पडणार, एसटीचं भाडं कोण देणार, हे प्रश्न मी काढले तर ते आता बदलता येणार नाही असं उत्तर मिळतं, आणि ते खरंही असतं. प्रस्ताव लिहिताना हे कोणी विचारलं नाही, त्याला आता उशीर झालेला असतो. संमती म्हणजे हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क. भागीदारी म्हणजे काय विचारलं जावं ते सांगण्याचा हक्क. पहिला हक्क दिला म्हणून दुसरा दिल्यासारखा होत नाही.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून यासाठी सरकारी पैशावर चालणारी वेगळी व्यवस्था आहे, आणि सार्वजनिक निधी मागणाऱ्या आरोग्य संशोधकाला अर्जातच सांगावं लागतं की लोकांना कशात आणि कसं सामील केलं. तिथेही हे कित्येकदा रकाना भरण्यापुरतं होतं, अशी टीका तिथलेच लोक करतात. होत असेल. पण रकाना असला म्हणजे तो पोकळ भरल्याबद्दल जाब तरी विचारता येतो. आपल्या विद्यापीठांच्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, राज्याच्या निधीच्या अर्जांतही तो पहिल्या पानावर हवा : हा प्रश्न कोणी सुचवला, कोणाशी बोलून ठरला, त्यांना किती मोबदला दिला, निष्कर्ष त्यांना कुठे आणि कोणत्या भाषेत सांगणार? याची उत्तरं नसतील तर प्रस्ताव परत. संख्याशास्त्राचा हिशेब चुकलेला प्रस्ताव आपण परत पाठवतोच की.

आणि सुरुवात करायचीच तर धाराशिवपासून करा. ३४ आणि ६४ हे दोन आकडे त्या गावांत अजून कोणी सांगितले नसतील तर आधी जाऊन ते सांगा, तोंडी, मराठीत, बायकांच्या बैठकीत, आणि त्या काय विचारतात ते उतरवून घ्या. एचपीव्ही चाचणी आता बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेऊन करता येते. ती गावोगाव कशी न्यावी यावर पुढचे अभ्यास होतीलच, व्हायलाही हवेत. त्यांचा पहिला मसुदा लिहिला जाईल तेव्हा त्या खोलीत आशा कार्यकर्ती हवी, ऊसतोडीला जाणारी आणि निम्मं वर्ष गावात नसणारी बाई हवी, आणि चौथ्या गटातल्या गावांतल्या, आता साठी-सत्तरीला आलेल्या दोघी-तिघी हव्यात. नमुना कोणत्या महिन्यात घ्यायचा हे त्याच सांगतील. ऑक्टोबरात घेतला तर निकाल येईपर्यंत घराला कुलूप असेल.